एका माणसाला पुरणारं यंत्र: तीस लिटरची इलेक्ट्रिक ब्रूइंग केटल, गटाच्या नजरेतून

यंत्र चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी भरपूर कुरकुर करणार आहे आणि ती वाचून कुणी खरेदी रद्द केली तर ते पाप माझ्या माथी नको. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या वर्गातल्या केटल साधारण एकाच घडणीच्या असतात, त्यामुळे एकीबद्दल जे खरं ते बाकीच्यांबद्दलही बहुतेक खरं आहे.

एकट्याने घरी बिअर करणाऱ्यांसाठी अशा यंत्रांची परीक्षणं ढिगाने सापडतील. आम्ही मात्र हे वर्गणी काढून गटासाठी घेतलं. घरी बिअर करणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. पूर्वी बैठकीला खुर्च्या कमी पडायच्या, आता खुर्च्या मांडायला कुणी लवकर येत नाही. गटाची सामानाची वही माझ्याकडे असते. कुठलं पातेलं कुणाकडे, घनता मोजायचा हायड्रोमीटर कुणी फोडला, माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) पोत्यात किती उरलं, सगळं तिच्यात. हे परीक्षण त्या वहीवरून लिहिलंय. (तुमच्याकडे घरी बिअर करायला कायद्याने परवानगी आहे का, हे आधी बघा. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली तेव्हा कुठे ते केंद्रीय कायद्याने मोकळं झालं, आणि मिसिसिपी व अलाबामा या राज्यांत तर २०१३ उजाडावं लागलं.)

आता यंत्र. स्टीलचं उभं, तीस लिटरचं पातेलं. तळाखाली २४०० वॅटची हीटिंग प्लेट, तिच्याशेजारी छोटा पंप, समोर आकडे दाखवणारा कंट्रोलर. आत जाळीदार तळाचं एक नळकांडं बसतं, त्यात भरडलेलं माल्ट ओतायचं. पंप तळाचं पाणी उचलून माल्टवर सोडत राहतो. तासाभराने नळकांडं वर उचलून कडांवर अडकवायचं, माल्टमधलं गोड पाणी, म्हणजे वर्ट, खाली निथळू द्यायचं आणि त्याच पातेल्यात उकळी आणायची. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं, घालायचे, तांब्याच्या किंवा स्टीलच्या वेटोळ्यातून थंड पाणी फिरवून वर्ट गार करायचं, फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, काढून यीस्ट टाकायचं. सगळं एका पातेल्यात, एका सॉकेटवर. २३० व्होल्टला साडेदहा अँपिअरच्या आसपास ओढतं, म्हणून त्या सॉकेटवर दुसरं काही लावू नका. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६७ वर न्यायला हिशेबाने ३४ मिनिटं लागतात. उष्णता वाया जाते ती धरून चाळीस मिनिटं समजा.

तापमान धरून ठेवणं हा या यंत्राचा खरा गुण. माल्टमधल्या स्टार्चची साखर करणारी दोन मुख्य एन्झाइम आहेत. ६२ ते ६५ अंशांच्या दरम्यान बीटा अमायलेज जोरात असतं आणि यीस्टला सहज पचणारी साखर बनवतं, त्यामुळे बिअर कोरडी होते. ७० ते ७२ ला अल्फा अमायलेजचं राज्य, तिथे यीस्टला न पचणारा भाग जास्त उरतो आणि बिअर अंगाने भरीव लागते. आपण ६७ च्या आसपास दोघांची तडजोड घडवतो. गॅसच्या शेगडीवर ही तडजोड सांभाळणं म्हणजे तासभर थर्मामीटर हातात घेऊन उभं राहणं. केटल ते गुपचूप करते. आमच्या अंबर एल या तांबूस बिअरची सुरुवातीची घनता (पाणी १.००० धरून) १.०५० आणि शेवटची १.०१० आली की सव्वापाच टक्के अल्कोहोल धरायचं. पूर्वी हे आकडे दर बॅचला वेगळे यायचे आणि आम्ही त्याला हातची चव म्हणायचो. आता ते जुळतात. बिअर स्वच्छ झाली आहे, हे मान्य करायलाच हवं.

एक गोष्ट माहितीपत्रकात लिहिलेली नसते. तापमान मोजणारा सेन्सर तळाशी असतो, त्यामुळे पडद्यावर ६७ दिसत असताना माल्टच्या वरच्या थरात ६३-६४ असू शकतं. दर पंधरा मिनिटांनी लांब पळीने खालपर्यंत ढवळा आणि वेगळा थर्मामीटर मधोमध खुपसून बघा. पंपाचा नळ पूर्ण उघडू नका, नाहीतर वरून पाणी साचतं आणि माल्ट खाली दाबलं जाऊन गच्च बसतं.

कुरकुरीचे तीन मुद्दे. पहिला, पंप. पेलेटच्या, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्यांच्या, रूपातले हॉप्स मोकळे टाकले की गाळ थेट त्याच्या तोंडाशी जातो. हॉप्स जाळीच्या पिशवीतच टाका. दुसरा, बारीक पीठ. गहू जास्त असलेल्या बॅचमध्ये ते जाळीतून खाली उतरतं, प्लेटवर बसतं, करपतं, आणि सुरक्षेसाठी ठेवलेला कटआउट वीज तोडतो. ती पुन्हा सुरू करायचं बटण यंत्राच्या बुडाला आहे. म्हणजे वीसेक लिटर उकळत्या वर्टने भरलेलं पातेलं तिरकं करून बुडाखाली हात घालायचा. ज्याने हे बटण तिथे लावलं त्याने आयुष्यात कधी बिअर केली नसणार.

तिसरा मुद्दा नळकांडं उचलण्याचा. पाच किलो माल्ट साधारण तेवढंच लिटर पाणी धरून बसतं. म्हणजे दहा किलोचं, सत्तर अंशांवरचं, ठिबकणारं नळकांडं छातीच्या उंचीपर्यंत न्यायचं, तिथे फिरवून त्याचे पाय पातेल्याच्या कडेवर टेकवायचे. दोघांचं काम आहे. माहितीपत्रकातल्या चित्रात मात्र एकच माणूस आहे, आणि तो हसतोय.

वर्ट गार करायच्या वेटोळ्याबद्दल थोडक्यात: तुमच्या नळाला २८ अंशांचं पाणी येत असेल तर वर्ट त्याच्या खाली जाणार नाही, कितीही वेळ थांबा. शेवटी बर्फाच्या पाण्यात बुडवलेलं दुसरं वेटोळं जोडा.

यंत्र येण्याआधी आमच्याकडे तीन मोठी पातेली होती, एक भलामोठा गॅस बर्नर, आणि माल्ट भिजवायला नळ बसवलेली बर्फाची पेटी (ती उष्णताही धरून ठेवते). त्यावर बिअर करायची तर सकाळी सुरुवात आणि संध्याकाळी आवराआवर. गरम पाण्याचं पातेलं उचलायला दोघं, ज्वाला सांभाळायला एक, माल्ट दळणीत घालायला एक, बाटल्या धुवायला जो मोकळा असेल तो. त्यात सगळ्यात मोलाचा होता तो मॅशचा तास. माल्ट भिजत पडलेलं, हातांना काम नाही आणि निघूनही जाता येत नाही. मागच्या बॅचच्या बाटल्या तेव्हाच उघडल्या जायच्या. कुणाची कशामुळे बिघडली याची चिरफाड तेव्हाच व्हायची. माल्ट किती भरडायचं, दाणा फुटला पण टरफल शाबूत राहिलं हे कसं ओळखायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. दळणीशेजारी उभं राहून आलं.

आमच्यात एक काका होते. स्वतः कधीच बिअर करायचे नाहीत. बाटल्या धुवायला यायचे, आणि जीभ त्यांच्याइतकी कुणाचीच तयार नव्हती. डायअसिटाइलचा, म्हणजे बिअर आंबताना तयार होणाऱ्या एका द्रव्याचा, लोण्यासारखा वास बाकीच्यांना यायच्या आधी त्यांना यायचा. तरुण बिअरमध्ये तो वास अजून उमटलेला नसला तरी पुढे येणार आहे का, हे बघायची युक्ती त्यांनीच दाखवली. नमुना दोन ग्लासांत घ्यायचा, एक झाकून वीसेक मिनिटं साठ-पासष्ट अंशांच्या पाण्यात ठेवायचा, मग गार करून दोन्ही हुंगायचे. गरम केलेल्यात लोणी जाणवलं तर बिअर अजून यीस्टवरच राहू द्यायची, बाटलीत भरायची नाही. मोठ्या ब्रुअरींच्या प्रयोगशाळेतही हीच चाचणी होते, हे मला फार नंतर कळलं.

यंत्र आलं आणि काका येईनासे झाले. त्यांना कुणी नको म्हटलं नव्हतं. मी फोन केला तर म्हणाले, "अगं, तिथे येऊन मी करू काय? तुमचं ते बटणावर चालतं."

यंत्र लायब्ररीच्या पुस्तकासारखं झालं. आठवड्याला एकाच्या नावावर, शुक्रवारी न्यायचं, पुढच्या गुरुवारी परत. वहीत नोंदी वाढल्या, बैठकीत माणसं घटली. नवीन पोरं यायची ती चांगली हुशार, पाककृती अ‍ॅपमध्ये भरलेली, पाण्यातले क्षार मोजलेले. "ताई, मशीन या शुक्रवारी मिळेल का?" एवढाच निरोप. दहा मिनिटांत सामान गाडीत घालून जायची. त्यांची बिअर कशी झाली हे मला कळायचं ते फोटोवरून, आणि फोटोत डायअसिटाइल दिसत नाही.

हा नुसता जुन्या दिवसांचा उमाळा असता तर मी लिहिलं नसतं. पण माणसं सुटी सुटी झाली की सामानाचं गणितही बिघडतं. माल्टचं पोतं २५ किलोचं येतं, म्हणजे पाच-पाच किलोच्या पाच बॅच. अख्खा दाणा कोरड्या, हवाबंद डब्यात वर्षभर टिकतो. भरडलेला काही आठवड्यांतच शिळा व्हायला लागतो. एका दिवशी एका जागी पाच जण असतील तर पोतं फुटतं आणि संपतं. एकेकटा माणूस भरडलेलं माल्ट छोट्या पिशव्यांत घेतो, महाग आणि बहुधा आधीच जुनं. हॉप्सचं पाकीट उघडलं की हवा लागून सुगंध उतरायला लागतो, त्यामुळे तेही वाटून घेण्यातच शहाणपण. यीस्टचं तर विचारू नका. साडेअकरा ग्रॅमच्या कोरड्या यीस्टच्या पाकिटातून एक बॅच झाली की तळाशी त्याच्या कितीतरी पट यीस्ट उरतं. ते स्वच्छ बरणीत, फ्रिजमध्ये, दोनेक आठवडे जोमात असतं. पूर्वी ती बरणी या घरातून त्या घरात फिरायची. आता पुढचा माणूस महिन्याने ब्रू करणार असतो, आणि यीस्ट मोरीत जातं.

आणि मग सामान विकणाऱ्याचंही अवघड होतं. खप कमी, म्हणून तो माल कमी मागवतो. माल जुना होतो, म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं. दुकानं नसतील तर गट कुठे उभे राहणार? ही चळवळ तिथूनच तर वाढली. लॉस एंजेलिसचा 'माल्टोज फाल्कन्स' हा १९७४ चा गट अमेरिकेतला सर्वांत जुना मानतात. घरची बिअर तिथे तेव्हा कायद्यात बसतही नव्हती. केन ग्रॉसमन यांनी कॅलिफोर्नियातल्या चिकोमध्ये आधी घरगुती ब्रूइंगच्या सामानाचं दुकान चालवलं आणि १९८० मध्ये 'सिएरा नेवाडा' या आपल्या ब्रुअरीची पहिली बिअर केली. त्याआधी १९७६ मध्ये जॅक मॅकऑलिफ यांनी दुग्धालयांची मोडीत निघालेली भांडी स्वतः वेल्डिंग करून जोडली आणि 'न्यू अल्बियन' ही ब्रुअरी उभी केली. ती १९८२ मध्ये बंद पडली, पण तिथे बघून गेलेल्यांनी पुढे स्वतःच्या ब्रुअरी काढल्या. बघून जायला जागा होती, हे महत्त्वाचं.

मोठ्यांचंही आता काही खरं नाही. १८९६ पासून चालत आलेली सॅन फ्रान्सिस्कोची 'अँकर' ब्रुअरी २०२३ मध्ये बंद झाली. २०२४ मध्ये तर अमेरिकेत नव्याने उघडलेल्या क्राफ्ट (छोट्या, स्वतंत्र) ब्रुअरीपेक्षा बंद पडलेल्या जास्त होत्या. आम्हाला याची झळ साधी पण थेट बसते. छोट्या ब्रुअरीतला ब्रूअर ओळखीचा असेल तर तो डबाभर ताजं यीस्ट हसत हसत देतो, एखाद्या बैठकीला येऊन आमची बिअर चाखतो, आणि तोंडावर सांगतो की हे बाटलीत भरू नका. ब्रुअरी गेली की हे सगळं जातं, आणि त्याची नोंद माझ्या वहीत कुठल्या रकान्यात करायची?

तर आम्ही यंत्राचे नियम बदलले. आता ते एकाच्या नावावर मिळत नाही, दोघांच्या नावावर मिळतं. यावर एकाने विचारलं, "मग एकट्याला जमणारं यंत्र घेतलंच कशाला?" प्रश्न रास्त होता. मी नळकांडं उचलण्याचं कारण पुढे केलं, आणि ते खोटंही नव्हतं.

दुसरा बदल जास्त चालला. केटलमधून वीस-बावीस लिटर वर्ट मिळतं. ते एका फर्मेंटरमध्ये न घालता पाच-पाच लिटरच्या चार बरण्यांत वाटायचं आणि प्रत्येकीत वेगळं यीस्ट टाकायचं. एकीत स्वच्छ चवीचं अमेरिकन एलचं, दुसरीत इंग्लिश एलचं, तिसरीत जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचं, चौथीत सेझॉन या बेल्जियन बिअरचं. माल्ट तेच, हॉप्स तेच. गव्हाच्या बिअरचं यीस्ट केळं आणि लवंगेचा वास देतं, सेझॉनचं मिरमिरीत आणि कोरडं जातं. सेझॉनचं यीस्ट तीस अंशांपर्यंतही रागावत नाही, त्यामुळे ज्याच्याकडे बरणी थंड ठेवायची सोय नाही त्याला ती द्यायची. चौघं चार बरण्या घेऊन जातात आणि महिन्या-दीड महिन्याने परत यावंच लागतं, कारण आपली बरणी एकटीच चाखून काही कळत नाही. शुक्रवारी सामान गाडीत घालून पळणाऱ्यांतला एक मुलगा या बैठकीला तीन तास बसला. जाताना त्याने गव्हाच्या यीस्टची बरणी मागून नेली.

तिसरा प्रयोग पार्टी-गाइलचा. इंग्लंडमधल्या ब्रुअरींची ही जुनी रीत. एकाच माल्टमधून आधी दाट वर्ट काढायचं, त्याची कडक बिअर करायची; मग त्याच माल्टवर पुन्हा गरम पाणी सोडून पातळ वर्ट काढायचं, त्याची हलकी. आठ किलो माल्ट घातलं तर पहिलं १.०८० च्या आसपास आणि दुसरं १.०४० च्या खाली असं काहीसं निघतं. केटल भरलेली असताना दुसरं वर्ट उकळायला जागा लागते, म्हणून जुनी पातेली आणि बर्नर पुन्हा बाहेर काढावे लागले. दोन उकळ्या, दोन वेळापत्रकं, दुप्पट बाटल्या. काकांना निरोप दिलाय. बघू म्हणाले.

यातून गट वाचला असं मी म्हणणार नाही. पोतं अजूनही संपायच्या आत जुनं होतं. दोघांच्या नावाचा नियम लोक मोडतात. दुसरं नाव कागदावरच असतं, आणि मला अक्षरावरून कळतं.

गुण द्यायचे तर एकट्यासाठी पाचपैकी साडेचार. अर्धा बुडाखालच्या त्या बटणासाठी कापला. गटासाठी तीन. तुमचा गट दहा-बारा जणांचा आणि चालता असेल, तर केटल घ्यायची घाई करू नका. आहे ती पातेली वापरा, आणि वर्गणीतून चांगली दळणी आणि वर्ट गार करायचं मोठं वेटोळं घ्या, त्याचा सगळ्यांना उपयोग होतो. गट चार-पाच जणांवर आला असेल, पाठी दुखणाऱ्या वयाचा असेल, किंवा गॅस पेटवायला मोकळी जागा उरली नसेल, तर जरूर घ्या, पण पहिल्या दिवसापासून बरण्या वाटायची सवय लावा. तीसऐवजी मोठ्या मापाची मिळाली तर बघा. मात्र मोठ्या नळकांड्याला छतावर कप्पी लागेल हे धरून चला.

आणि पंप उघडून साफ करायला षटकोनी पाना लागतो. तो खोक्यात येत नाही, वेगळा घ्या, आणि शक्य तर दोन घ्या, कारण एक कायम मागच्या माणसाच्या घरी राहतो.